कोंबडीचा वेष ल्यालेला कोंबडा

१. कोंबडा इतका नटलेला का?

सकाळी खुराडं उघडलं की बाहेर येणारा कोंबडा कुठला आणि कोंबडी कुठली, हे लहान मूलही लांबूनच सांगतं. कोंबड्याच्या मानेवर लांब, टोकदार, चकाकणारी पिसं असतात. तसलीच पिसं कमरेवरून दोन्ही अंगांना ओघळतात आणि शेपटीत हिरवट-काळ्या झाकेची मोठी कमानदार पिसं डुलत असतात. कोंबडी मात्र मातकट, आखूड आणि गोल टोकाच्या पिसांची. सह्याद्रीच्या रानातला राखी रानकोंबडा बघा. त्याच्या मानेवर मेणासारखे पिवळे ठिपके लखलखतात आणि त्याची मादी पाचोळ्यात बसली तर शेजारून जाणाऱ्यालाही दिसत नाही.

असं का, असं विचारलं तर एक उत्तर हमखास मिळतं. मादीला अंड्यांवर बसायचं असतं, शत्रूच्या नजरेआड राहायचं असतं; नराला मादीवर छाप पाडायची असते. हे उत्तर बरोबर आहे, पण ते ‘कशासाठी’ या प्रश्नाचं. ‘कसं’ हा प्रश्न शिल्लकच राहतो. एकाच कोंबडीच्या अंड्यांतून, एकाच आईबापांची दोन पिल्लं निघतात. सुरुवातीला दोघांची लव सारखीच दिसते. मग काही महिन्यांनी एकाच्या अंगावर असा पिसारा आणि दुसरीच्या अंगावर तसा, हे शरीरात ठरवतं कोण?

यावर बहुतेक लोक म्हणतील, नराच्या अंगातल्या हार्मोनमुळे नराला नराची पिसं येतात. ऐकायला हे पटतं. तरीही ते चूक आहे. ते चूक कसं आहे हे समजायला ज्या पक्ष्याची फार मदत झाली, तो वजनाला जेमतेम सहाशे ग्रॅम भरतो आणि केवळ शोभेसाठी पाळला जातो. त्याचं नाव सीब्राइट बँटम. बँटम म्हणजे छोट्या चणीच्या कोंबड्या. या जातीचं वैशिष्ट्य असं, की तिच्यातला कोंबडा आरवतो, लढतो, पिल्लांचा बाप होतो, पण त्याच्या अंगावरचं एकूण एक पीस कोंबडीचं असतं.

२. सर जॉन सीब्राइट यांचा ध्यास

सर जॉन साँडर्स सीब्राइट (१७६७–१८४६) हे इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरचे जमीनदार. बीचवुड ही त्यांची इस्टेट. हर्टफर्डशरमधून ते १८०७ पासून १८३४ पर्यंत पार्लमेंटमध्ये निवडून जात होते. पण त्यांचं खरं मन रमायचं ते जनावरांची आणि पक्ष्यांची निवडक पैदास करण्यात. १८०९ साली त्यांनी पाळीव प्राण्यांच्या जाती कशा सुधाराव्यात यावर सर जोसेफ बँक्स यांना उद्देशून एक पुस्तिका लिहिली. चार्ल्स डार्विननं ती बारकाईनं वाचली होती. पुढे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्यानं सीब्राइट यांचा दाखलाही दिला. कबुतरात हवं तसं पीस आपण तीन वर्षांत आणून दाखवू, डोकं आणि चोच घडवायला मात्र सहा वर्षं लागतील, असं ते म्हणायचे. आनुवंशिकतेचे नियम अजून कुणालाच माहीत नव्हते, अशा काळातला हा आत्मविश्वास आहे, आणि तो पोकळ नव्हता.

आपल्या बँटममध्ये त्यांना जे हवं होतं ते मोठं अवघड होतं. पीस सोनेरी किंवा चंदेरी असावं आणि त्याच्या कडेनं सगळीकडून सारख्या जाडीचा, अखंड, काळा काठ असावा. छातीवरचं पीस घ्या, पाठीवरचं घ्या, शेपटीतलं घ्या. प्रत्येकावर तोच काठ. सीब्राइट बँटमचा फोटो पाहिला तर पहिल्या नजरेला हा पक्षी कुणीतरी बारीक कुंचल्यानं रंगवलाय असंच वाटतं.

अडचण कोंबड्याचीच होती. काठाची नक्षी उठून दिसायला पीस रुंद आणि गोल टोकाचं लागतं. कोंबड्याच्या मानेवरची व कमरेवरची पिसं अरुंद, लांब आणि टोकदार असतात. त्यांच्यावर काठ न उमटता मध्ये गडद पट्टा उमटतो. काठाची नक्षी असलेल्या वायंडॉट जातीत आजही हे दिसतं. तिथे कोंबडीचं अंग छान रेखीव असतं आणि कोंबड्याची मान मात्र पट्ट्यापट्ट्यांची. म्हणजे सगळं अंग सारखं काठाचं असलेला कोंबडा हवा असेल, तर त्याला कोंबडीचीच पिसं असायला हवीत.

डार्विननं नोंदवलंय की या जातीचा उगम १८०० च्या आसपासचा. साधे बँटम आणि तुरेवाली पोलिश कोंबडी यांचा संकर करून, त्यात पुन्हा कोंबडीसारखी शेपटी असलेल्या बँटमचं रक्त मिसळण्यात आलं. ही शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. लंडनमध्ये या एकाच जातीसाठी शौकिनांचा क्लब निघाला, दरवर्षी प्रदर्शनं भरू लागली आणि पक्षी नावारूपाला आला. कोंबड्याला कोंबडीचा वेष का चढतो, हे मात्र सर जॉनना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्यानंतर शंभरहून जास्त वर्षं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

३. तुरा वेगळा, पिसारा वेगळा

पुढे जाण्याआधी हार्मोन म्हणजे काय ते पाहू. शरीरातल्या एका अवयवात तयार होऊन रक्तातून दूरवर जाणारं आणि दुसऱ्या अवयवाला ‘असं वाग’ असं सांगणारं रसायन म्हणजे हार्मोन. ही कल्पना पक्की व्हायला कोंबड्याच कारणी लागल्या. १८४९ साली जर्मनीतल्या गटिंगन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड या प्राध्यापकांनी कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. कोंबड्याचे वृषण पोटात, पाठीच्या कण्याजवळ असतात. ते काढल्यावर या पक्ष्यांचा तुरा वाढेना, ते आरवेनात, भांडेनात. काही पक्ष्यांना मात्र त्यांनी वृषण परत दिला, पण तो मूळ जागी न बसवता पोटात आतड्यांजवळ ठेवला. तो तिथे रुजला आणि कोंबडे पूर्ववत तुरेबाज झाले. मूळच्या नसा तुटलेल्या होत्या. तेव्हा जे काही जात होतं ते रक्तातूनच जात असणार.

नराचं हे रसायन म्हणजे टेस्टोस्टेरॉन. तुरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, आरवणं, भांडकुदळपणा ही सगळी त्याची करणी. इथपर्यंत आपला अंदाज बरोबरच निघतो.

आता त्याच खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पिसांकडे पाहा. युरोपात मांसासाठी असे कोंबडे शतकानुशतकं पाळले जात आहेत. त्यांचा तुरा फिका आणि लहान राहतो, पण पिसारा? तो अस्सल कोंबड्याचा. मानेवर टोकदार पिसं, शेपटीत भरदार कमानी, सगळं जसंच्या तसं. नराचं हार्मोन गेलं तरी नराचा पिसारा राहिला.

मग कोंबडीचं अंडाशय काढलं तर? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत एच. डी. गुडेल यांनी कोंबड्यांवर आणि बदकांवर असे प्रयोग केले. अंडाशय काढलेल्या कोंबडीची जुनी पिसं झडली आणि नवी आली, ती कोंबड्याची.

हे दोन निकाल शेजारी ठेवा. वृषण काढले तरी पिसारा कोंबड्याचा राहतो आणि अंडाशय काढलं तरी कोंबड्याचाच येतो. म्हणजे दोन्ही हार्मोनं नसताना कोंबडीच्या जातीचा कुठलाही पक्षी जो पिसारा धारण करेल, तो आपण ज्याला ‘नराचा’ म्हणतो तो. कोंबडीचा साधा पिसारा हा रंग न चढल्यामुळे आलेला नाही. तो अंडाशयातल्या इस्ट्रोजेन या हार्मोननं मुद्दाम घडवून आणलेला आहे. कोंबडी म्हणजे पिसाऱ्याला मुकलेला कोंबडा, ही आपली समजूत पार उलटी आहे. मेहनत घेऊन घडवलेला पिसारा तिचाच.

मोर, फेझंट आणि बदकांतही हाच नियम आहे. सगळ्या पक्ष्यांत तो तसाच नाही. चिमण्यांसारख्या पक्ष्यांत पिसाऱ्याचं गणित वेगळं आहे. आपण इथे कोंबड्यांपुरतंच बोलू.

४. मॉर्गन यांनी सीब्राइट उचलला

आता कोडं नीट मांडता येईल. कोंबडीचा पिसारा यायला इस्ट्रोजेन लागतं. सीब्राइट कोंबड्याला अंडाशय नाही. मग त्याला कोंबडीची पिसं कुठून?

थॉमस हंट मॉर्गन हे नाव फळमाश्यांशी जोडलेलं आहे. गुणसूत्रांवरच्या कामासाठी त्यांना १९३३ चं नोबेल मिळालं. पण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असताना त्यांनी सीब्राइट बँटमही पाळले होते. १९१५ पासून त्यांनी सीब्राइट कोंबडे खच्ची करून पाहिले. निकाल थक्क करणारा होता. सामान्य जातीत वृषण काढल्यानं पिसाऱ्यात काहीच फरक पडत नाही. सीब्राइटमध्ये मात्र वृषण गेले आणि कोंबड्याला त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कोंबड्याची पिसं फुटली. मान टोकदार पिसांनी भरली, कमरेवरून झालर ओघळली, शेपटीत कमानी आल्या.

हा बदल एका दिवसात दिसत नाही. पीस एकदा पूर्ण वाढलं की ते मृत असतं; त्याच्यावर हार्मोनचा काही इलाज चालत नाही. हार्मोनचा हुकूम चालतो तो पीस कातडीतल्या खळग्यात वाढत असताना. शिकागो विद्यापीठात फ्रँक लिली आणि मेरी जून यांनी हे फार सुंदर रीतीनं दाखवलं. तपकिरी लेगहॉर्न जातीत कोंबड्याची छाती काळी असते आणि कोंबडीची फिक्या नारिंगी रंगाची. खच्ची कोंबड्याच्या छातीवरची काही पिसं त्यांनी उपटली. नवी पिसं वाढत असताना मादीचं हार्मोन थोड्या काळापुरतं टोचलं. पिसं पुरी वाढली तेव्हा ती काळी होती, पण मध्ये नारिंगी पट्टा होता. रक्तात इस्ट्रोजेन होतं तेवढ्याच वेळात वाढलेला तो भाग. म्हणून सीब्राइटचा नवा वेष पाहायला जुनी पिसं झडण्याची वाट पाहावी लागते किंवा ती उपटावी लागतात.

मॉर्गन यांनी अनुमान काढलं की सीब्राइटच्या वृषणातच काहीतरी बायकी असलं पाहिजे, अंडाशयातल्यासारख्या पेशी असल्या पाहिजेत. १९१९ साली त्यांनी हे सगळं पुस्तकरूपानं मांडलं. प्रयोग चोख होता, अनुमान मात्र पुढे टिकलं नाही.

५. दोष वृषणात नव्हता

ते टिकलं नाही याचं कारण अदलाबदलीचा एक प्रयोग. १९२६ साली रोक्सास या संशोधकानं सीब्राइटचे वृषण खच्ची लेगहॉर्न कोंबड्यात बसवले आणि लेगहॉर्नचे वृषण खच्ची सीब्राइटमध्ये. वृषणात बायकी काही असतं तर लेगहॉर्नला कोंबडीची पिसं यायला हवी होती. ती आली नाहीत. उलट, अगदी साध्या लेगहॉर्नचा वृषण मिळताच सीब्राइट पुन्हा कोंबडीच्या वेषात गेला.

म्हणजे वृषण कुणाचाही चालतो. फरक पडतो तो ज्या अंगावर पिसं उगवतात त्या अंगामुळे. काही वर्षांनी डॅनफर्थ या संशोधकांनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांच्या कातडीचे तुकडे एकमेकांवर लावले. त्यांची पिल्लं लेगहॉर्न आणि कॅम्पाइन या जातींची होती. कॅम्पाइनमध्येही कोंबड्याला कोंबडीची पिसं येतात. तिथेही कातडीनं आपला मूळ स्वभाव सोडला नाही.

कातडीत असं काय होतं? याचं उत्तर १९८० साली अमेरिकेतल्या डॅलस इथे फ्रेडरिक जॉर्ज आणि जीन विल्सन यांनी दिलं. आपल्या शरीरात अॅरोमॅटेज नावाचं एक एन्झाइम असतं, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणं हे त्याचं काम. दूध तेच असतं. विरजण लागलं की त्याचं दही होतं. अॅरोमॅटेज हे इथलं विरजण. साध्या कोंबड्यांत हे विरजण प्रामुख्यानं कोंबडीच्या अंडाशयात असतं, कोंबड्याच्या कातडीत जवळजवळ नसतंच. सीब्राइटच्या कातडीत मात्र ते भरपूर असतं.

आता सगळे धागे जुळतात. सीब्राइट कोंबड्याचे वृषण चांगलं, नेहमीचं टेस्टोस्टेरॉन बनवतात. त्यानं तुरा वाढतो, कोंबडा आरवतो. पण तेच टेस्टोस्टेरॉन कातडीत पोचलं की तिथे त्याचं इस्ट्रोजेन होतं आणि जवळच वाढणाऱ्या पिसाला कोंबडीचं पीस व्हायचा हुकूम मिळतो. वृषण काढले की कच्चा मालच संपला. इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे पिसं कोंबड्याची. सीब्राइट कोंबड्याच्या रक्तात जितका पुरुषी अंश, तितका त्याचा वेष बायकी, असा हा विलक्षण हिशेब आहे.

६. पिल्लांत हे कसं उतरतं

हा गुण एकाच जनुकामुळे येतो. प्रत्येक पिल्लाला त्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बदललेल्या प्रतीला ‘स’ म्हणू आणि नेहमीच्या प्रतीला ‘न’.

शुद्ध सीब्राइट कोंबडा ‘सस’ आणि साधी गावठी कोंबडी ‘नन’. त्यांची सगळी पिल्लं ‘सन’. ‘स’ची एक प्रतही कातडीत अॅरोमॅटेज आणायला पुरते. त्यामुळे या पिल्लांतल्या नरांना बहुतांशी कोंबडीचीच पिसं येतात, जरा कमी नीटस इतकंच. आता ही ‘सन’ पिल्लं मोठी झाल्यावर त्यांची आपसात जोडी लावली आणि पुढच्या पिढीत समजा १६ नर मिळाले. सरासरीनं त्यातले ४ ‘सस’, ८ ‘सन’ आणि ४ ‘नन’ निघतील. म्हणजे १२ कोंबड्यांना कोंबडीचा पिसारा आणि ४ कोंबड्यांना कोंबड्याचा. माद्यांमध्ये मात्र ‘सस’ काय आणि ‘नन’ काय, दिसायला सगळ्या कोंबड्याच. त्यांचं अंडाशय आधीच इस्ट्रोजेन देत असतं. त्यामुळे हा गुण कोंबडीत लपून राहतो आणि तिच्या मुलात उघडा पडतो.

जनुकात नेमकं काय बदललं, हेही आता कळलंय आणि मला या साऱ्या गोष्टीतला सर्वांत नवलाचा भाग हाच वाटतो. फार पूर्वी कुठल्यातरी कोंबडीच्या पूर्वजाला एका विषाणूची लागण झाली. काही विषाणू स्वतःची प्रत यजमानाच्या डीएनएमध्येच खुपसतात. ती अंड्याच्या किंवा शुक्राच्या पेशीत गेली तर पिढ्यान् पिढ्या चालत राहते. अशी एक प्रत अॅरोमॅटेजच्या जनुकाच्या तोंडाशी येऊन पडली. जनुक कुठे आणि केव्हा कामाला लागायचं हे त्याच्या तोंडाशी असलेला डीएनए ठरवतो. तिथे विषाणूचा डीएनए आला आणि जे जनुक कातडीत कधी चालत नव्हतं ते चालू झालं. १९९१ मध्ये याचा पुरावा मिळाला आणि २०१९ मध्ये संपूर्ण चित्र स्पष्ट झालं. सीब्राइट आणि कॅम्पाइन या दोन्ही जातींत विषाणूची तीच प्रत त्याच जागी सापडते. म्हणजे दोघांना हा वारसा एकाच पूर्वजाकडून आला.

माणसाशी याचा संबंध काय? थेट आहे. काही मुलग्यांत अॅरोमॅटेजच्या जनुकाच्या तोंडाशी भलताच डीएनए येऊन बसतो आणि शरीरात नको तिथे इस्ट्रोजेन बनू लागतं. वयात येण्याआधीच त्यांची छाती वाढते. हा आजार अतिशय दुर्मीळ, पण घडण सीब्राइटसारखीच. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये अंडाशय थांबल्यावरही चरबीतलं अॅरोमॅटेज थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. स्तनाच्या काही कर्करोगांना ते खतपाणी घालतं. अशा रुग्णांना देण्यात येणाऱ्या लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल या गोळ्या याच एन्झाइमला रोखतात.

७. आरवणारी कोंबडी

इतकं समजल्यावर एक जुनी गोष्ट तुम्हाला स्वतःलाच उलगडता येईल. अंडी देणारी एखादी कोंबडी अंडी द्यायची थांबते, तिचा तुरा वाढतो, पिसं बदलतात आणि एके सकाळी ती चक्क आरवते. आपल्याकडे खेड्यांत हे घराला अशुभ मानतात आणि कोंबडीचा लगेच निकाल लावतात. युरोपातही वेगळं नव्हतं. १४७४ साली बाझेल शहरात अंडं दिल्याबद्दल एका कोंबड्याला जाळून मारल्याची नोंद आहे.

कोंबडीत सहसा डावं अंडाशयच कामाचं असतं. उजवं अविकसित राहून जातं. डावं अंडाशय म्हातारपणानं, गाठीनं किंवा संसर्गानं निकामी झालं की इस्ट्रोजेन घटतं. मग जुनी पिसं झडल्यावर येणारी नवी पिसं कोंबड्याची असतात. त्यातच उजवीकडचा अविकसित अवशेष काही वेळा वृषणासारखा वाढतो आणि टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतो. त्यानं तुरा येतो आणि आरवणंही येतं. इंग्लंडचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७८० मध्ये अशाच फेझंट माद्यांचं वर्णन केलं होतं. अनेकदा पिल्लं काढलेल्या आणि म्हातारपणी मोराचा पिसारा आलेल्या एका लांडोरीचीही नोंद त्यांनी केली होती.

डार्विननं दिलेला दाखला तर आपल्या सीब्राइट जातीचाच आहे. एका सोनेरी सीब्राइट कोंबडीचं अंडाशय म्हातारपणी रोगट झालं आणि तिच्यात नराची लक्षणं उमटू लागली. तिला सीब्राइट कोंबड्यासारखीच, म्हणजे गोल टोकाची पिसं यायला हवीत असं वाटेल. आली ती मानेवर टोकदार पिसं, शेपटीत कमानी आणि कमरेवर झालर, सगळं पूर्वजांसारखं. डार्विनला ते पूर्वजांकडे परत जाणं वाटलं. आज आपण आणखी एक पाऊल पुढे जाऊन कारण सांगू शकतो: इस्ट्रोजेन उरलं नव्हतं.

तेव्हा तुमच्या खुराड्यातली एखादी म्हातारी कोंबडी उद्या आरवली, तर घाबरून तिच्यावर सुरी चालवू नका. पोट सुजलंय का, खाणंपिणं नीट आहे का ते पाहा आणि जमल्यास जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. तिच्या आरवण्यानं घरावर काही येत नाही. तिचं अंडाशय बहुधा निकामी झालंय, एवढाच त्याचा अर्थ.